टेक्नेशियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्नेशियमविषयीचे प्रश्न साधारणपणे दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. आवर्त सारणी शिकताना ४३ व्या चौकटीपाशी अडखळलेले विद्यार्थी हे पहिले, आणि हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनच्या कागदावर हे अनोळखी नाव पहिल्यांदा वाचलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक हे दुसरे. दोघांच्या शंका वरवर पाहता अगदी वेगळ्या वाटतात, पण बहुतेक उत्तरे एकाच गोष्टीपाशी येऊन पोहोचतात : या मूलद्रव्याचा कोणता अणू किती काळ टिकतो. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिकडे निर्देश केला आहे.

१. टेक्नेशियम हे नेमके कोणते मूलद्रव्य आहे?

टेक्नेशियम हा अणुक्रमांक ४३ असलेला धातू आहे आणि त्याची संज्ञा टीसी अशी आहे. आवर्त सारणीत त्याच्या वर मँगनीज, खाली ऱ्हेनियम, डावीकडे मॉलिब्डेनम आणि उजवीकडे रुथेनियम आहे. हे चारही शेजारी स्थिर मूलद्रव्ये म्हणून खनिजांतून मिळतात, मात्र टेक्नेशियमचे एकही समस्थानिक (प्रोटॉन तितकेच पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले रूप) स्थिर नाही. स्थिर समस्थानिक नसलेले सर्वांत हलके मूलद्रव्य हेच. शिशापर्यंतच्या, म्हणजे पहिल्या ८२ मूलद्रव्यांपैकी असे दुसरे मूलद्रव्य एकच आहे, ते म्हणजे अणुक्रमांक ६१ चे प्रोमेथियम.

२. त्याला ‘कृत्रिम’ मूलद्रव्य का म्हणतात? निसर्गात ते मुळीच नसते का?

माणसाने आधी तयार केले आणि नंतर ओळखले असे हे पहिले मूलद्रव्य, म्हणून त्याच्यावर ‘कृत्रिम’ हा शिक्का बसला. ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले आहे. तो शब्द मूलद्रव्य कसे सापडले हे सांगतो, ते कुठे असू शकते याविषयी काही सांगत नाही. निसर्गात टेक्नेशियम आहे, फक्त अत्यल्प आहे (प्रश्न ९ पाहा).

पृथ्वी घडली तेव्हाचे टेक्नेशियम आज का उरले नाही, हे साध्या हिशोबाने कळते. त्याच्या सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकांचा अर्धायुकाल सुमारे ४२ लाख वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात मूळ अणूंपैकी निम्मे नष्ट होतात. अख्खी पृथ्वी टेक्नेशियमचीच बनलेली होती असे क्षणभर धरले, तर तिच्यात एकावर पन्नास शून्ये इतके अणू असतील. ही संख्या १६६ वेळा निम्मी केली की जेमतेम एक अणू उरतो आणि त्याला लागणारा काळ भरतो सुमारे ७० कोटी वर्षे. पृथ्वीचे वय मात्र ४५० कोटी वर्षांहून थोडे अधिक आहे.

३. आजूबाजूची मूलद्रव्ये स्थिर असताना ४३ वे एकटेच अस्थिर का?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर पाठ करण्याचे नसून कागदावर मांडून पाहण्याचे आहे.

अणुकेंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडीजोडीने राहिले की ते अधिक घट्ट बांधले जाते. टेक्नेशियममध्ये प्रोटॉन ४३ आहेत, म्हणजे एक प्रोटॉन नेहमीच बिनजोडीचा राहतो. आता त्याचा वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या, सम असेल, उदाहरणार्थ ९६ किंवा ९८, तर न्यूट्रॉनांची संख्याही विषम होते आणि दोन्हीकडे एकेक कण बिनजोडीचा उरतो. अशी विषम-विषम केंद्रके नायट्रोजन-१४ च्या पुढे जवळजवळ कधीच स्थिर नसतात. सम वस्तुमानांकांचा मार्ग येथेच बंद होतो.

उरतात विषम वस्तुमानांक. येथे १९३४ साली योझेफ माटाउख यांनी मांडलेला नियम लागू पडतो : वस्तुमानांक सारखाच आणि अणुक्रमांकात फक्त एकाचा फरक असेल, तर अशा दोन शेजाऱ्यांपैकी जास्तीत जास्त एकच स्थिर राहू शकतो. अधिक ऊर्जा असलेला शेजारी बीटा ऱ्हासाने किंवा इलेक्ट्रॉन ग्रहण करून दुसऱ्यात रूपांतरित होतो. टेक्नेशियमला शोभतील असे विषम वस्तुमानांक ९५, ९७, ९९ आणि १०१ हे आहेत. त्यांपैकी ९५ आणि ९७ या जागा मॉलिब्डेनमच्या स्थिर समस्थानिकांनी घेतल्या आहेत, तर ९९ आणि १०१ या जागा रुथेनियमने. टेक्नेशियमसाठी एकही जागा रिकामी राहत नाही. म्हणून टेक्नेशियम-९७ कालांतराने मॉलिब्डेनम-९७ होते आणि टेक्नेशियम-९९ रुथेनियम-९९ होते. प्रोमेथियमचीही अशीच कोंडी निओडिमियम आणि समेरियम यांच्यामध्ये झाली आहे.

४. टेक्नेशियमचा शोध कोणी आणि कसा लावला?

दिमित्री मेंडेलेयेव्ह यांनी आपल्या सारणीत मँगनीजखाली जागा मोकळी सोडली होती आणि तेथील अज्ञात मूलद्रव्याला ‘एका-मँगनीज’ असे तात्पुरते नाव दिले होते. त्याचा अणुभार १०० च्या आसपास असेल, हा त्यांचा अंदाज चांगलाच जवळचा ठरला. तरीही ती जागा भरायला १९३७ साल उजाडावे लागले.

एमिलिओ सेग्रे हे सिसिलीतील पालेर्मो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३६ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेतील बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांचा सायक्लोट्रॉन पाहायला गेले. या यंत्रात वेगवान कणांचा मारा सोसून किरणोत्सारी झालेले आणि नंतर काढून टाकलेले सुटे भाग त्यांनी लॉरेन्स यांच्याकडे मागितले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला लॉरेन्स यांनी पाठवलेल्या टपालात मॉलिब्डेनमची एक पातळ पट्टी होती. कणांचा झोत वळवणाऱ्या भागातील या पट्टीवर ड्यूटेरॉनांचा मारा दीर्घकाळ होत राहिला होता. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी. त्यातील प्रोटॉन मॉलिब्डेनमच्या केंद्रकात सामावला की ४२ चे ४३ होतात, हे सेग्रे यांनी लगेच ताडले.

पण ताडणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. पट्टीतील नव्या मूलद्रव्याचे प्रमाण कोणत्याही तराजूला जाणवणार नाही इतके सूक्ष्म होते, त्यामुळे त्याचा ठावठिकाणा केवळ किरणोत्सारावरून लावायचा होता. सेग्रे यांनी खनिजशास्त्राचे प्राध्यापक कार्लो पेरिएर यांना सोबत घेतले. पट्टीवरील पदार्थ विरघळवायचा, त्यात एखादे ओळखीचे मूलद्रव्य मिसळायचे, ते साका म्हणून खाली बसवायचे आणि किरणोत्सार साक्यासोबत गेला की द्रावणात राहिला हे मोजायचे, अशी ही चिकाटीची पद्धत होती. किरणोत्सार झिर्कोनियम, नायोबियम किंवा मॉलिब्डेनम यांपैकी कोणाचाही नसल्याचे त्यांनी दाखवले. तो मँगनीजपासून वेगळा काढता येत होता, मात्र ऱ्हेनियमची साथ तो सहजासहजी सोडत नव्हता. आवर्त सारणीच्या ४३ व्या चौकटीतील मूलद्रव्याने नेमके असेच वागायला हवे होते.

पुढच्याच वर्षी इटलीत वंशभेदी कायदे आले. सेग्रे ज्यू असल्याने त्यांचे पद गेले. त्या वेळी ते बर्कलीतच होते आणि तेथेच राहिले. त्याच वर्षी त्यांनी ग्लेन सीबॉर्ग यांच्यासोबत टेक्नेशियम-९९एम हे समस्थानिक शोधले. आज रुग्णालयांत वापरतात ते हेच. मूलद्रव्याचे ‘टेक्नेशियम’ हे नाव मात्र १९४७ साली ठरले. तोपर्यंत कृत्रिमरीत्या घडवलेल्या मूलद्रव्याला इतरांसारखे नाव द्यावे का, यावरच एकमत नव्हते. पालेर्मो विद्यापीठातील अधिकाऱ्यांना आपल्या शहराच्या लॅटिन नावावरून ‘पॅनॉर्मियम’ हे नाव हवे होते.

५. जुन्या पुस्तकांत ४३ व्या जागी ‘मसुरियम’ असे लिहिलेले दिसते. ते काय होते?

जर्मनीतील वॉल्टर नोडाक, इडा टाके आणि ओटो बर्ग यांनी १९२५ साली दोन नवी मूलद्रव्ये सापडल्याचे जाहीर केले : ७५ वे ऱ्हेनियम आणि ४३ वे मसुरियम. ऱ्हेनियमचा शोध खरा ठरला आणि त्याचे श्रेय आजही त्यांचेच आहे. कोलंबाइट खनिजाच्या क्ष-किरण वर्णपटातील अंधूक रेषेवर आधारलेला मसुरियमचा दावा मात्र इतरांना पुन्हा करून दाखवता आला नाही, आणि ते मूलद्रव्य वेगळे काढून कोणी दाखवू शकले नाही. त्याआधी १९०८ साली जपानच्या मासाताका ओगावा यांनी ४३ व्या जागेसाठी ‘निप्पोनियम’ सुचवले होते. त्यांच्या हाती बहुधा ऱ्हेनियम लागले असावे, असे आज मानतात.

मसुरियमच्या दाव्यावरून इडा टाके, म्हणजे पुढच्या इडा नोडाक, यांची थट्टा करणे योग्य नाही. युरेनियमचे केंद्रक मोठ्या तुकड्यांत फुटत असेल, ही शक्यता त्यांनी १९३४ मध्येच लिहून ठेवली होती, आणि त्या वेळी तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

६. शुद्ध टेक्नेशियम दिसते कसे? त्याचे भौतिक गुणधर्म कोणते?

ते प्लॅटिनमसारखे रुपेरी करडे दिसते, मात्र प्रयोगशाळेत बहुधा करड्या भुकटीच्या रूपात हाताळले जाते. दमट हवेत त्याची चकाकी हळूहळू मंदावते. त्याची घनता पाण्याच्या सुमारे साडेअकरा पट, म्हणजे शिशाइतकी आहे. ते सुमारे २,१५७ अंश सेल्सियसला वितळते. सुमारे ७.५ केल्व्हिनच्या खाली, म्हणजे उणे २६५ अंश सेल्सियसहूनही कमी तापमानाला, ते अतिसंवाहक बनते, म्हणजे विजेला मुळीच विरोध करत नाही. ते अंधारात चमकते का, असेही विचारले जाते. धातू स्वतः चमकत नाही.

७. त्याचे रसायन मँगनीजसारखे आहे का?

वर्गबंधू असले तरी फारसे नाही. टेक्नेशियमची खरी जवळीक खालच्या ऱ्हेनियमशी आहे. पोटॅशियम परमँगनेटचा गडद जांभळा रंग आणि त्याची तीव्र ऑक्सिडीकारक शक्ती सर्वांना ठाऊक आहे. त्याच घडणीचा परटेक्नेटेट आयन पाण्यात रंगहीन असतो आणि ऑक्सिडीकारक म्हणून पुष्कळ सौम्य असतो. हा आयन या मूलद्रव्याचे सर्वांत महत्त्वाचे रूप आहे. त्यात एक टेक्नेशियम अणू चार ऑक्सिजन अणूंनी वेढलेला असतो आणि एकूण विद्युतभार उणे एक असतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि खनिजांच्या पृष्ठभागाला फारसा चिकटत नाही. रुग्णालयात हाच गुण सोयीचा ठरतो आणि किरणोत्सारी कचऱ्याच्या बाबतीत तोच अडचणीचा ठरतो (प्रश्न १२ आणि १५ पाहा).

धातू नायट्रिक आम्लात, अम्लराजात आणि संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळतो, हायड्रोक्लोरिक आम्लात नाही. ऑक्सिजनमध्ये जाळल्यास फिकट पिवळे, बाष्पनशील टेक्नेशियम हेप्टॉक्साइड मिळते. संयुगांमध्ये त्याच्या अनेक ऑक्सिडीकरण अवस्था आढळतात, त्यांत +४, +५ आणि +७ या विशेष नेहमीच्या.

८. काही तक्त्यांत अणुभाराच्या जागी कंसात ९८ असतो, काहींत ९७, तर काहींत ९९. बरोबर कोणता?

तिन्हींना आधार आहे. स्थिर मूलद्रव्यांचा अणुभार निसर्गातील समस्थानिकांच्या प्रमाणावरून काढलेली सरासरी असतो. टेक्नेशियमसाठी अशी सरासरी काढताच येत नाही, म्हणून कंसात एखाद्या समस्थानिकाचा वस्तुमानांक देतात. सर्वांत दीर्घायुषी समस्थानिक द्यायचे ठरवले, तर ९७ आणि ९८ या दोघांचेही अर्धायुकाल सुमारे ४२ लाख वर्षे आहेत आणि त्यांतला फरक मोजमापाच्या अनिश्चिततेतच बुडून जातो. प्रयोगशाळेत वजन करता येईल इतके मिळते ते टेक्नेशियम-९९. त्यामुळे रासायनिक आकडेमोडीत ९९ धरणे सयुक्तिक आहे.

९. निसर्गात ते कुठे सापडले आहे?

दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी ते सतत नव्याने बनते.

पहिले ठिकाण युरेनियमची खनिजे. युरेनियम-२३८ चे एखादे केंद्रक अधूनमधून आपोआप फुटते आणि त्याच्या तुकड्यांत कधीकधी टेक्नेशियम-९९ असते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बी. टी. केना आणि पॉल कुरोडा यांनी काँगोतील पिचब्लेंडमधून ते वेगळे काढून दाखवले. प्रमाण होते एका किलोग्रॅम खनिजामागे सुमारे ०.२ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा पाचवा हिस्सा. गॅबनमधील ओक्लो येथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या थरांत निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. तिच्यात टेक्नेशियम भरपूर तयार झाले. आज तेथे त्याच्याऐवजी त्याचा वारस, रुथेनियम-९९, नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात सापडतो.

दुसरे ठिकाण तारे. १९५२ साली खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना देवयानी तारकासमूहातील आर अँड्रोमेडी आणि त्यासारख्या एस वर्गातील तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. प्रयोगशाळेत टेक्नेशियमचा वर्णपट आधीच मोजून ठेवलेला असल्यामुळेच त्या ओळखता आल्या. या निरीक्षणाचे महत्त्व शब्दांत मावणे कठीण आहे. ताऱ्याचे वय अब्जावधी वर्षांचे आणि टेक्नेशियमचा अर्धायुकाल जास्तीत जास्त ४२ लाख वर्षांचा. ते जन्मापासून ताऱ्यात असते, तर केव्हाच संपले असते. अर्थात ते त्याच ताऱ्याच्या पोटात अलीकडे तयार झाले होते आणि ढवळून पृष्ठभागावर आले होते. तारे जड मूलद्रव्ये घडवतात, याचा हा पहिला थेट पुरावा होता. हलकी केंद्रके एकेक न्यूट्रॉन सावकाश गिळत जड होत जातात, त्या वाटेवर टेक्नेशियम हा एक टप्पा आहे.

१०. मग आज वापरले जाणारे टेक्नेशियम येते कुठून?

अणुभट्टीतून. युरेनियम-२३५ च्या प्रत्येक १०० विखंडनांमागे, म्हणजे केंद्रक फुटण्याच्या घटनांमागे, सुमारे ६ वेळा शेवटी टेक्नेशियम-९९ बनते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झाले, तर सुमारे २६ मिलिग्रॅम टेक्नेशियम हाती येईल, असा हिशोब निघतो. त्यामुळे वापरलेल्या अणुइंधनात आज जगभर टनांनी टेक्नेशियम साठले आहे, आणि निसर्गात जवळजवळ नसलेले हे मूलद्रव्य माणसाकडे काही दुर्मीळ धातूंहून जास्त आहे.

रुग्णालयांना लागणारे टेक्नेशियम-९९एम मात्र या साठ्यातून काढता येत नाही, कारण ते काही तासांतच रूप बदलते. त्यासाठी युरेनियमच्या लहान पट्ट्या अणुभट्टीत काही दिवस ठेवून त्यातून मॉलिब्डेनम-९९ वेगळे काढतात (प्रश्न १२ पाहा).

११. टेक्नेशियम-९९ आणि ९९एम यांत फरक काय? आकडा तर सारखाच आहे.

दोन्हींत ४३ प्रोटॉन आणि ५६ न्यूट्रॉनच आहेत. ‘एम’ हे अक्षर ‘मेटास्टेबल’, म्हणजे मितस्थायी, या शब्दाचे. टेक्नेशियम-९९एम हे त्याच केंद्रकाचे उत्तेजित रूप आहे. उत्तेजित केंद्रके सहसा क्षणाच्या अत्यल्प भागात शांत होतात, पण येथे वरच्या आणि खालच्या अवस्थांच्या फिरकीत मोठा फरक असल्याने खाली येण्याची वाट अवघड होते आणि अर्धायुकाल सुमारे ६ तासांचा होतो. खाली येताना ते बहुतेक वेळा १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर टाकते. त्यानंतर उरणारे टेक्नेशियम-९९ मात्र अतिशय संथ आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे २,११,००० वर्षे असून ते कमी ऊर्जेचा बीटा कण सोडून रुथेनियम-९९ होते.

१२. सहा तासांत निम्मा संपणारा पदार्थ रुग्णालयांपर्यंत पोहोचतो तरी कसा?

तो पाठवतच नाहीत, त्याचा जनक पाठवतात. मॉलिब्डेनम-९९ चा अर्धायुकाल ६६ तास आहे आणि ऱ्हास पावताना ते बहुतांशी टेक्नेशियम-९९एम होते. शिशाच्या जाड कवचातील एका लहान नळीत अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि तिला मॉलिब्डेट आयन घट्ट धरून असतात. त्यांतला एखादा मॉलिब्डेनम अणू टेक्नेशियम झाला की त्याचा परटेक्नेटेट आयन भुकटीवरची पकड गमावतो. मग नळीच्या एका टोकाला मीठपाण्याची कुपी आणि दुसऱ्या टोकाला निर्वात कुपी लावतात. निर्वात कुपी मीठपाणी ओढून घेते, पाण्यासोबत टेक्नेशियम वाहत येते आणि मॉलिब्डेनम जागच्या जागी राहते. दिसायला ते साधे स्वच्छ पाणीच असते. या उपकरणाला जनरेटर म्हणतात आणि टेक्नेशियम काढून घेण्याला गाईचे दूध काढण्याची उपमा जगभर रूढ आहे. उपमा चपखल आहे, कारण एकदा काढल्यावर सुमारे २३ तासांनी टेक्नेशियम पुन्हा कमाल पातळीवर येते आणि रोज सकाळी नव्याने काढता येते.

हा जनरेटर १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झाला. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन हे टेल्युरियम-१३२ पासून आयोडीन-१३२ काढण्याची पद्धत सुधारत असताना त्यांना एक भेसळ आढळली. ती टेक्नेशियम-९९एम असल्याचे आणि ते मॉलिब्डेनम-९९ मधून येत असल्याचे त्यांनी ओळखले. त्यांचे सहकारी पॉवेल रिचर्ड्स यांनी वैद्यकीय वापरासाठी त्याचा आग्रहाने पाठपुरावा केला.

१३. स्कॅनसाठी हेच का निवडतात? आणि शरीरात ते कायमचे राहते का?

निवडीमागची कारणे सरळ आहेत. १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण शरीराबाहेर येण्याइतका भेदक असतो, आणि गॅमा कॅमेऱ्याने टिपता येण्याइतका सौम्यही असतो. सहा तास हा काळ औषध तयार करून, टोचून, प्रतिमा घ्यायला पुरतो आणि दुसऱ्या दिवशी फारसे काही शिल्लक ठेवत नाही. शिवाय टेक्नेशियम निरनिराळ्या रेणूंना जोडता येते. फॉस्फोनेट संयुगांसोबत ते हाडांत जाते, सेस्टामिबीसोबत हृदयाच्या स्नायूंत, डीटीपीएसोबत मूत्रपिंडात. नुसते परटेक्नेटेट आयोडाइडसारखे वागून थायरॉइड ग्रंथीत शिरते. जगभर दरवर्षी अशा कोट्यवधी तपासण्या होतात.

शरीरात काय उरते, ही काळजी अगदी स्वाभाविक आहे, म्हणून आकडेच मांडतो. हाडांच्या स्कॅनसाठी ७४० मेगाबेक्वेरेल मात्रा दिली असे धरू. ऐकायला हा आकडा मोठा आहे, म्हणजे सेकंदाला ७४ कोटी अणूंचे रूपांतर. पण हे टेक्नेशियम-९९एम भरते अवघे ४ नॅनोग्रॅमच्या आसपास. २४ तासांत त्याचा सोळावा भाग उरतो, ४८ तासांत २५६ वा. आणि हे सर्व अणू टेक्नेशियम-९९ झाल्यावर, त्यांतला एकही शरीराबाहेर गेला नाही असे मानले तरी, त्यांचा किरणोत्सार सेकंदाला दोन ते तीन अणू इतकाच राहतो. आपल्या शरीरातील नैसर्गिक पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ४,००० अणूंचा ऱ्हास आयुष्यभर चालू असतो. प्रत्यक्षात बरेचसे टेक्नेशियम लघवीवाटे लवकर बाहेर पडते.

गरोदरपण किंवा स्तनपान चालू असेल, तर तसे तपासणीआधीच सांगावे. तेथे डॉक्टरांचा सल्ला हाच निर्णायक आहे.

१४. मध्यंतरी टेक्नेशियमचा तुटवडा झाला होता, तो कशामुळे?

जगाचा पुरवठा मोजक्याच जुन्या अणुभट्ट्यांवर अवलंबून होता. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील एनआरयू अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. त्याच काळात, २०१० मध्ये, नेदरलँड्समधील पेटन येथील अणुभट्टीही काही महिने दुरुस्तीसाठी बंद होती. मॉलिब्डेनम-९९ दर तासाला सुमारे एक टक्क्याने घटते आणि आठवड्यात मूळच्या १७ टक्क्यांवर येते, त्यामुळे त्याचा साठा करून ठेवणे अशक्यच आहे. एनआरयू २०१८ साली कायमची बंद झाली. मॉलिब्डेनम-१०० वर प्रोटॉनांचा मारा करून सायक्लोट्रॉनमध्ये थेट टेक्नेशियम-९९एम बनवण्याचा मार्गही २००९-१० च्या तुटवड्यानंतर अधिक गंभीरपणे हाताळला गेला.

१५. टेक्नेशियम-९९ कचरा म्हणून त्रासदायक का मानतात?

दोन लाख वर्षांचा अर्धायुकाल आणि परटेक्नेटेटचा पाण्यासोबत वाहत जाण्याचा स्वभाव, ही जोडी त्याला कारण आहे. अणुइंधनातील सीझियम आणि स्ट्रॉन्शियम काही शतकांत क्षीण होतात, टेक्नेशियम मात्र भूजलाच्या वाटेने दूरवर जाऊ शकते. इंग्लंडमधील सेलाफील्ड येथील अणुइंधन-प्रक्रिया केंद्रातून १९९० च्या दशकाच्या मध्यात आयरिश समुद्रात सोडलेल्या टेक्नेशियमचे प्रमाण वाढले. तेथील शेवंड्यांत आणि समुद्रशेवाळात ते आढळले, प्रवाहांसोबत नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले आणि नॉर्वेने त्याला तीव्र आक्षेप घेतला. पुढे ते सांडपाण्यातून साक्याच्या रूपात वेगळे काढण्याची प्रक्रिया सुरू झाली. एखादी गोष्ट समुद्रात पुरेशी विरळ होईल, या गृहीतकावर विसंबणे येथे चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक दिलासादायक शक्यताही आहे. टेक्नेशियम-९९ ने एक न्यूट्रॉन शोषला की टेक्नेशियम-१०० बनते आणि ते सुमारे १६ सेकंदांच्या अर्धायुकालाने स्थिर रुथेनियम-१०० होते. हे प्रयोगात दाखवले गेले आहे, मोठ्या प्रमाणावर अजून कोठेही केले जात नाही.

१६. ते पोलादाला गंजू देत नाही असे वाचले. मग त्याचा तसा वापर का करत नाहीत?

वाचलेले खरे आहे. पाण्यात दशलक्ष भागांमागे सुमारे ५५ भाग पोटॅशियम परटेक्नेटेट असले, तरी साधे पोलाद गंजत नाही. तरीही ते पाणी किरणोत्सारीच असते. गळती झाली की प्रश्न १५ मधील अडचण उभी राहते. त्यामुळे वापर झालाच तर पूर्ण बंदिस्त व्यवस्थेपुरताच शक्य आहे.

१७. प्रयोगशाळेत ते हाताळणे किती धोक्याचे आहे?

टेक्नेशियम-९९ च्या बीटा कणांची कमाल ऊर्जा २९४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि काचेच्या भांड्याची भिंत त्यांना अडवते. खरा धोका धूळ श्वासावाटे आत जाण्याचा आहे, म्हणून काम हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत करतात. ९९एम साठी मात्र शिशाचा आडोसा लागतोच, कारण गॅमा किरण काचेतून सहज पार होतात.

१८. अर्धायुकाल कशानेही बदलत नाही असे शिकलो. टेक्नेशियम त्याला अपवाद आहे का?

किंचित, आणि हा अपवाद मोठा सुंदर आहे. टेक्नेशियम-९९एम खाली येते ते एका उडीत नव्हे, बहुतेक वेळा दोन उड्यांत. दुसरी उडी १४०.५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची, प्रतिमेसाठी वापरतात तीच. पहिली उडी मात्र अवघी सुमारे २.२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची असते, आणि एवढी थोडी ऊर्जा केंद्रक किरणाच्या रूपाने न सोडता जवळच्या एखाद्या इलेक्ट्रॉनला देऊन त्याला अणूबाहेर फेकते. सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन उखडायला ती पुरत नाही, त्यामुळे हे काम बाहेरच्या कवचांवर येते. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी रासायनिक बंधांनुसार बदलते. म्हणून परटेक्नेटेट आणि टेक्नेशियम सल्फाइड या दोन संयुगांत ठेवलेल्या त्याच समस्थानिकाच्या अर्धायुकालात सुमारे ०.३ टक्के फरक मोजला गेला आहे. सहा तासांमागे हा फरक एका मिनिटाच्या आसपास येतो. स्कॅनच्या वेळापत्रकावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. टेक्नेशियम-९९ च्या दोन लाख वर्षांच्या बीटा ऱ्हासाला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही, कारण तेथे अशी लहान उडीच नाही.